धाकट्याला लिहायचं राहिलेलं पत्र

काका, तुम्ही गेलात त्याला आज अकरा दिवस झाले आणि धाकट्याचं पत्र अजून गेलेलं नाही.

इतका उशीर तुमच्या हातून कधी झाला नव्हता. फुटबॉलच्या आपल्या टीमने क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य गडी, बदलला की दुसऱ्या दिवशीच्या टपालात तुमचं पत्र असायचंच. नव्या माणसाला नव्हे, बाकावर बसवलेल्या जुन्याला. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन घरी आलात त्याच दिवशी एकदा बातमी आली, तर वॉकर घेऊन दारातल्या टपालपेटीपर्यंत स्वतः गेलात. पेटीत घेऊन जायचं पत्र आहे हे टपालवाल्याला कळावं म्हणून पेटीची लाल झेंडी वर केलीत आणि मागे वळून मला म्हणालात, "बघून घे, कॉम्रेड. नेपरव्हिलमध्ये लाल बावटा आमच्याच दारात वर जातो."

मी हसले नव्हते. तेव्हा मला तुमचा राग येत असे.

तुमच्याकडे आले ती वसंताची मुलगी म्हणून. तुम्ही आणि बाबा कॉलेजात एका खोलीत राहायचात, एकाच सायक्लोस्टाइल यंत्रावर पत्रकं काढायचात, शाईचे हात एकाच पायजम्याला पुसायचात, हे ऐकत मी मोठी झाले. पिंपरीच्या आमच्या दोन खोल्यांत पुस्तकं थोडी आणि पत्रकांचे गठ्ठे फार. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मी बाराखडी गिरवली. 'कामगार बंधूंनो आणि भगिनींनो' हे मला 'कमळ'च्या आधी वाचता येत होतं. त्या गोष्टीत तुमचा भाग मात्र मध्येच संपायचा. 'मग श्री अमेरिकेला गेला' एवढंच बाबा म्हणायचे आणि उठून पाणी प्यायला जायचे. त्या पाणी पिण्यावरून मी माझा निष्कर्ष काढला होता.

शिकागोला पीएच.डी.साठी आले तेव्हा बाबांनीच तुमचा नंबर दिला. पहिल्याच रविवारी तुम्ही नेपरव्हिलच्या स्टेशनवर गाडी घेऊन उभे. गाडीत बसताच विचारलंत, "फुटबॉल कळतं का?" मी म्हटलं, "पायाने खेळतात ते कळतं." तुम्ही म्हणालात, "मग आज हाताने खेळतात ते शीक. बारा वाजता मॅच आहे. आपण हरणार आहोत."

आणि आपण हरलो. त्यानंतरच्या बहुतेक रविवारीही हरलो. आपली टीम म्हणजे एक क्वार्टरबॅक शोधत हिंडणारी टीम, हे मला महिन्याभरात कळलं. दर वेळी चेंडू त्या एका माणसाच्या हाती येतो, समोरून चार-पाच आडदांड गडी त्याला आडवा करायला धावतात, आणि तीनेक सेकंदांत त्याने ठरवायचं की चेंडू कुणाकडे फेकायचा. नाही ठरलं तर तो चेंडूसकट जमिनीत. टीमला असा भरवशाचा माणूस तुम्ही नेपरव्हिलला आल्यापासून मिळालेला नव्हता. तुम्हाला त्यांची खरी नावं पाठ होती, पण घरात त्यांना आपली नावं होती. चेंडू हातात धरून विचार करत बसायचा तो 'बघतो-करतो'. चुकीच्या माणसाकडे फार सुरेख फेकायचा तो 'दानशूर'. दुसऱ्या टीमने सोडलेला, पाठदुखीचा पट्टा बांधून आलेला तो 'पेन्शनर'. आणि शेवटी धाकटा. तो आला तेव्हा चोवीसचा, माझ्याच वयाचा. गावभर त्याचे फोटो लागले. तारणहार आला म्हणून माणसं रडली. तुम्ही टीव्हीकडे बघत म्हणालात, "बिचारा."

तुम्ही मॅच बघायचात ती वेगळीच, हे कळायला मला उशीर लागला. मांडीवर वही. मला वाटायचं स्कोअर लिहिता. एकदा डोकावले तर स्कोअर कुठेच नाही. एका रविवारच्या पानावर एवढंच, 'पडलेल्या गड्याला हात दिला, मग स्वतः उठला.' दुसऱ्या पानावर, 'चूक दुसऱ्याची होती. छातीवर हात ठेवून माझी म्हणाला.' दर मॅचला एक ओळ. का, ते पुढच्या बदलीच्या वेळी समजलं, जेव्हा 'पेन्शनर'ला बसवलं आणि वहीतली एक ओळ उचलून तुम्ही पत्र लिहायला घेतलंत.

आधी मराठीत कच्चं, जुन्या लिफाफ्याच्या पाठीवर. मग त्याचं इंग्रजी, चांगल्या कागदावर. चार ओळी, कधीच पाच नाहीत. तुला बसवल्याचं वाचलं. मग वहीतली ती ओळ, मी हे पाहिलं म्हणून. मग, तू काम नीट केलंस. आणि शेवटी, आज एकटा जेवू नकोस.

"काका, हा माणूस कोट्यधीश आहे," मी म्हटलं.

"असेल."

"याच्या जेवायच्या टेबलावर वीस माणसं बसतील."

"मग बरंच आहे. सूचना पाळायला सोपी."

"कामगार हा शब्द यांच्यासाठी वापरायचा नसतो. हे जाहिरातीतले पुतळे आहेत. आमच्या युनिव्हर्सिटीत रात्रपाळीला फरशा पुसणाऱ्या बाईला काढलं, तिला पत्र लिहा की."

तुम्ही पेनचं टोपण लावलंत. "तिचं नाव काय?"

मला माहीत नव्हतं. तिच्यासाठी मी सह्यांची मोहीम चालवली होती, दोन पानी पत्रक लिहिलं होतं, पायऱ्यांवर उभी राहून भाषण केलं होतं. नाव माहीत नव्हतं. त्या दिवशी मी तुमच्यावर जास्तच चिडले. पुढच्या आठवड्यात शोधून काढलं. ग्लोरिया. तुम्ही तिला पत्र लिहिलंत आणि तिच्याविषयी तुम्ही स्वतः काही पाहिलेलं नव्हतं म्हणून दुसरी ओळ माझ्याकडून मागून घेतलीत. मला सांगावं लागलं की आम्ही उशिरापर्यंत बसलो की ती आमची खोली सर्वांत शेवटी पुसायची, आम्हाला उठवायला नको म्हणून. हे मी रोज पाहत होते, आणि पत्रकात मात्र घेतलं नव्हतं.

त्या पत्रांना उत्तरं येत नसत. दोनदा छापील सहीचे फोटो आले, ते काकूंनी पाककृतींच्या वहीत खुणेला घातले. मी एकदा काकूंना विचारलं, "उत्तर येत नाही तरी लिहितात?" काकू कांदा चिरत म्हणाल्या, "येत नाही म्हणूनच लिहितात. त्यांना सवय आहे." सवय कसली, ते मी विचारलं नाही.

आता त्या रविवारकडे येते. टाळत होते.

गुरुवारी बातमी आली की धाकट्याला बसवलं. उन्हाळ्यापासून तुमचा हात थरथरत होता, म्हणून रविवारी मॅचच्या आधी तुम्ही वही माझ्यापुढे सरकवलीत. "तू लिही. तुला येतं." मला केवढा अभिमान वाटला. स्वयंपाकघरात बसून मी एक पूर्ण पान लिहिलं. मालकांनी पाच वर्षांत तीन प्रशिक्षक बदलले, त्याला वाचवणाऱ्या पुढच्या फळीवर माणसं आणली नाहीत, एका पोराच्या खांद्यावर सगळं गाव बसवलं आणि खांदा मोडल्यावर त्यालाच बोल लावला. तारणहार शोधण्याची ही सवयच मुळात गुलामीची आहे, हेही लिहिलं. यातला एक शब्दही खोटा नव्हता. आजही नाही.

मॅच सुरू झाली होती. मी वाचून दाखवलं. तुम्ही डोळे मिटून ऐकलंत.

"सगळं बरोबर आहे," म्हणालात. "यात धाकटा कुठे आहे?"

"सगळं त्याच्याचबद्दल आहे, काका."

"नाही गं. हे त्याच्या मालकांबद्दल आहे. त्याला ते ठाऊक आहे. पाय मोडलेल्या माणसाला तू रस्ता कुणी खराब बांधला ते सांगते आहेस."

"कुणीतरी सांगायला नको?"

"सांग ना. पेपरात लिही, मी पहिली सही करतो. पण हे पत्र त्याला जायचंय. माझं नाव खाली आहे. हे काढ आणि चार ओळी लिही."

मग मी ते बोलले. काकू दारात उभ्या होत्या, त्यांच्यासमोर बोलले. "तुम्हाला चारच ओळी जमतात, काका. लढायची वेळ आली तेव्हा तुम्ही पळून आलात. बाबा तिथे राहिले, त्यांना कारखान्यातून काढलं, तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

तुमच्या चेहऱ्याकडे बघवेना म्हणून मी टीव्हीकडे बघत राहिले. मग तुम्ही काकूंना म्हणालात, "अगं, हिच्यासाठी चहा टाक. आज लवकरच्या गाडीने जाईल ती."

तरीही स्टेशनवर सोडायला तुम्हीच आलात. मी उतरले तेव्हा काच खाली करून विचारलंत, "डबा घेतलास ना?" मी मान हलवली. तुमच्याकडे न बघता हलवली.

बुधवारी सकाळी पहिला बर्फ पडला. फावडं घेऊन तुम्ही गॅरेजचं दार उघडलंत आणि तिथेच खाली बसलात. काकू म्हणाल्या, अगदी शांतपणे बसले, बूट घालायला बसतात तसे.

मी सॉरी म्हणणार होते. रविवारी, समोर बसून, टीव्ही बंद करून. हे खरं आहे, आणि याने आता काहीही होत नाही.

तुमचा ऋषी विमानाने फ्रिस्कोहून आला. सगळं त्याने नीट केलं, तुमच्यासारखंच, याद्या करून. पाचव्या दिवशी त्याला तुमच्या कपाटात बुटांचं एक खोकं सापडलं. लिफाफ्यांच्या पाठीवरचे सगळे कच्चे खर्डे, सर्वांत नवा वर, जुना खाली. त्याने ते माझ्यापुढे ठेवलं. "मुक्ता, I can't read his handwriting. वाचतेस का? आईला वाचवत नाहीये."

आम्ही तिघं जेवायच्या टेबलाशी बसलो. मी एकेक लिफाफा वाचत गेले. ग्लोरिया, पेन्शनर, दानशूर, बघतो-करतो. मधे तुमच्या ऑफिसातले दोघं, मधे काकूंच्या शाळेची बसड्रायव्हर. ऋषी ऐकत होता. "That's it? सगळी सेम?"

"दुसरी ओळ वेगळी आहे," मी म्हटलं.

"वाच ना परत. फक्त दुसरी ओळ."

मी फक्त दुसऱ्या ओळी वाचल्या. वाचता वाचता खोक्याचा तळ आला. तळाशी एक निळसर, मऊ पडलेला हवाई टपालाचा लिफाफा. त्यावर टोपणनाव नव्हतं. 'प्रिय वसंता' असं होतं.

'तुला कामावरून काढल्याचं कळलं. गेटवर पोलीस आले तेव्हा तू आधी मागच्या पोरांना मोजून बाहेर काढलंस, असं दत्तूने लिहिलंय. तू काम नीट केलंस. आज एकटा जेवू नकोस.'

ऋषीने लिफाफा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "Who's वसंता?" त्याने विचारलं. काकू म्हणाल्या, "हिचे वडील."

मी विचारलं होतं ना, काका, बाबांना काढलं तेव्हा कुठे होतात? तुमच्या कपाटात उत्तर होतं. त्या रविवारी उठून चार पावलं चालला असतात आणि तो लिफाफा माझ्यापुढे ठेवला असतात तर मी जन्माची गप्प झाले असते. तुम्ही उठला नाहीत. चहा टाकायला सांगितलंत. एवढा मोठेपणा माझ्यात कधी येईल असं मला वाटत नाही. मला तर वादात हातात आलेला प्रत्येक दगड फेकायची शिकवण आहे.

बाबांना फोन लावला. आमच्याकडे सकाळ, त्यांच्याकडे संध्याकाळ. मी पत्र वाचून दाखवलं.

"आलं होतं," ते म्हणाले.

"मग कधी सांगितलं का नाही?"

"मी त्याला लिहिलं होतं की तिथल्या आपल्या लोकांच्या सह्या घे, निषेधाचं पत्रक पाठव, इथे छापतो. त्याने हे पाठवलं. माझं डोकं फिरलं. गेटवर ह्या चार ओळी वाचून दाखवू का, म्हटलं. उत्तर दिलं नाही." मग म्हणाले, "पुढे फोन सुरू झाले. पण त्या पत्राचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही."

"बाबा, त्या दिवशी जेवलात कुठे?"

ते म्हणाले, "तुझी आई दुसऱ्या पाळीला होती. पत्र वाचलं, शिव्या दिल्या, आणि दत्तूकडे गेलो जेवायला."

"हे काकांना कळवलंत?"

"कळवायचं राहिलं गं."

मी तुम्हाला कळवते आहे, काका. ते त्या दिवशी एकटे जेवले नाहीत. दत्तूकाकांच्या घरी पिठलं-भाकरी होती, हेही बाबांना आठवतं. त्या काळातली पत्रकं आता एकही शिल्लक नाही असं ते म्हणाले, मी लहानपणी त्यांच्यावरच गिरवून संपवली. तुमचं पत्र पासबुकाच्या पाकिटात आहे. इतकी वर्षं होतं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते, नाहीतर तुम्हीच मला खोटारडी म्हणाल. तुमचं सगळं मला पटलेलं नाही. पत्रकं लागतात. दत्तूकाका आणि त्या मागच्या पोरांना पुन्हा कामावर घेतलं ते चार ओळींनी नव्हे, गेटवर वाटलेल्या कागदांनी आणि बाबांच्या दोन वर्षांच्या हेलपाट्यांनी. तुम्ही इथून सह्या पाठवल्या असत्यात तर बरं झालं असतं. ते तुम्ही करायला हवं होतं. हा वाद आपला उरलाच आहे आणि मी तो सोडणार नाही. मला एवढंच कळलंय की बाबांना त्या दिवशी दोन्ही हवं होतं, आणि तुमच्याकडून एकच आलं, आणि जे आलं तेच त्यांनी जपलं.

आज रविवार. मी नेहमीच्या गाडीने आले. स्टेशनवर काकू गाडी घेऊन उभ्या होत्या. त्या हायवेवर चालवत नाहीत, म्हणून आतल्या रस्त्यांनी, फार हळू आलो. बारा वाजता त्यांनीच टीव्ही लावला. "लावू दे," म्हणाल्या, "घर ओरडल्याशिवाय मला रविवार वाटत नाही."

मी तुमची वही घेतली. धाकट्याच्या पत्राची पहिली ओळ सोपी होती. तिसरी, चौथी तुमचीच. दुसरीपाशी अडले. पानं उलटून पाहिली. धाकट्याच्या तीन वर्षांच्या तुमच्या ओळी वहीत होत्या, हवी ती उचलता आली असती. पण खाली सही माझी होणार होती. तुमच्या नावाने मी सही करणार नव्हते, आणि मी न पाहिलेलं पाहिलं म्हणून लिहिणारही नव्हते. ग्लोरियाच्या वेळी तुम्हीच मला हे शिकवलंत.

मग मी काय पाहिलं होतं? तीन वर्षं दर रविवारी मी ह्या पोराकडे बघत होते, आणि डोक्यात काय तर मालक, व्यवस्था, गुलामी. एकही गोष्ट आठवेना. लाज वाटली. काकू सोफ्यावरून म्हणाल्या, "घाई नाही. पहिला क्वार्टरच चालू आहे."

आणि मग आठवलं. तुमच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं म्हणून मी टीव्हीकडे बघत होते, तेव्हाचं. कॅमेरा बाकावर गेला होता. धाकटा टोपी घालून बसलेला. त्याच्या जागी आलेला नवा मैदानातून परत आला, धापा टाकत शेजारी बसला. धाकट्याने मांडीवरचा टॅब्लेट उचलून त्याच्यापुढे धरला आणि बोटाने दाखवू लागला की समोरचे गडी कुठून येताहेत. नव्याचे हात ओले होते, म्हणून पूर्ण वेळ यानेच धरून ठेवला. ज्याने त्याची जागा घेतली त्याच्यासाठी.

ते तुम्हीही पाहिलं असेल का, काका? की तुम्ही तेव्हा माझ्याकडे बघत होतात?

लिहिलं. आधी लिफाफ्याच्या पाठीवर, मराठीत.

"झालं?" काकूंनी विचारलं.

"झालं."

"किती ओळी?"

मी मोजल्या. "पाच."

"एक काढ," काकू टीव्हीवरची नजर न हलवता म्हणाल्या.

मालकांची ओळ होती. खरी होती, चांगलीही जमली होती. मी ती काढली. मग इंग्रजी करून लिफाफा चिकटवला, तुमचे बूट पायात अडकवले आणि बर्फातून पेटीपर्यंत जाऊन झेंडी वर केली.

उद्या सोमवार. टपालवाला दुपारी येतो.